मण्यारदंशानंतर व्हेंटिलेटर: न्यूमोनिया कसा टाळतात?

प्रश्न (सावंतवाडीजवळील रहिवासी):
ओटीवर जमिनीवर झोपलेल्या माझ्या मामांना रात्री मण्यार जातीचा साप डसला आणि पहाटे त्यांच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा कुठे आम्हाला शंका आली. प्रतिविष दिले आहे. परंतु श्वासाचे स्नायू लुळे पडल्यामुळे आज चौथ्या दिवशीही ते व्हेंटिलेटरवर आहेत. फुप्फुसे मुळात निरोगी असताना डॉक्टर न्यूमोनियाची भीती का व्यक्त करतात? आणि भीती आहे, तर अँटिबायोटिक आधीच का देत नाहीत?

उत्तर (अतिदक्षता विभागातील परिचारिका, रत्नागिरी):
धोका व्हेंटिलेटरसाठी तोंडातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळेच आहे. रुग्णाला खोकता येत नाही, गिळता येत नाही. त्यामुळे तोंडातील जंतूंनी भरलेली लाळ नळीच्या फुग्यावर (श्वासनलिकेत नळीभोवतीची जागा बंद करणाऱ्या हवेच्या फुग्यावर) साचते आणि त्याच्या कडेने थेंबथेंब फुप्फुसांत झिरपते. नळी घातल्यापासून ४८ तास उलटल्यानंतर उद्भवणाऱ्या न्यूमोनियाला व्हेंटिलेटरशी निगडित मानतात. म्हणून आम्ही खाटेची डोक्याकडील बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवतो आणि फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतका आहे ना, हे मापकाने पाहतो. बोटाने चाचपून तो कळत नाही. सर्किटमध्ये, म्हणजे व्हेंटिलेटर आणि रुग्ण यांना जोडणाऱ्या नळ्यांत, साचलेले पाणी रुग्णाकडे वाहू न देता काढून टाकतो. दात रोज ब्रशने घासतो. प्रत्येक स्पर्शाआधी हात स्वच्छ करणे हे सांगायला सोपे. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे तीन खाटा असल्या, की तेच प्रथम चुकते.

उत्तर (भूलतज्ज्ञ, चिपळूण):
एक भर घालतो. तोंडाच्या स्वच्छतेसाठी क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी अजून आहे. अमेरिकेतील २०२२ च्या शिफारशींनुसार या कारणासाठी ते सरसकट वापरू नये, ब्रश मात्र करावा. संसर्ग नसताना अँटिबायोटिक दिल्यास औषधाला न जुमानणारे जंतू उरतात, म्हणून तुमचे डॉक्टर थांबले आहेत, ते योग्यच आहे. खरा उपाय म्हणजे नळी शक्य तितक्या लवकर काढणे. त्यासाठी गुंगीचे औषध कमीत कमी ठेवून, रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का, हे रोज तपासतात. मण्यारदंशात रुग्ण निपचित दिसला, तरी त्याला सारे ऐकू येत असू शकते, म्हणून मामांशी बोलत राहा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. काल अंग पुसताना खाट सपाट केली होती आणि नाकातील नळीतून पेय चालूच होते, हे चालते का?

उत्तर (परिचारिका, रत्नागिरी):
नाही. पेय आधी बंद करावे आणि काम होताच खाट पुन्हा उचलावी. पाळी बदलताना तेथील सिस्टरांना हे अवश्य विचारा; कोणी रागावणार नाही.