इथिओपियाला निघण्याआधी काय माहीत असायला हवं?

रानवारा
२९ डिसेंबर ते १० जानेवारी इथिओपियात आहे. पाच दिवस राजधानी अदिस अबाबा, मग दगडी चर्चसाठी प्रसिद्ध लालिबेला. बरोबर आई आहे, वय ६४, अंडंही खात नाही. प्रेक्षणीय स्थळांची यादी तयार आहे, पण तिथे पोचल्यावर माणूस नेमका कुठे फसतो ते सांगा. इटलीची वसाहत होती ना, मग इटालियन चालतं का?

तासकाटा
पहिला घोळ घड्याळाचा. तिथे दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. आपले सात वाजले की त्यांचा एक, दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा. संध्याकाळी सहाला मोजणी पुन्हा सुरू. ड्रायव्हर ‘उद्या दोनला येतो’ म्हणाला की तो सकाळी आठला दारात हजर. विमानाच्या तिकिटावर मात्र आपल्यासारखीच वेळ असते. बस, दुकानं, गाइड यांच्याशी वेळ ठरवताना ‘हाबेशा की फेरेंज?’ एवढं विचारायचंच. हाबेशा म्हणजे तिथली, फेरेंज म्हणजे परदेशी. (फेरेंज आणि आपला फिरंगी हे एकाच मुळातले शब्द.) भारत त्यांच्या अडीच तास पुढे, तो हिशोब वेगळा.

दुसरा घोळ कॅलेंडरचा. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा पागुमे हा तेरावा. नवं वर्ष ११ सप्टेंबरला (कधी १२ला). तेव्हापासून ३१ डिसेंबरपर्यंत आपल्या सालातून सात वजा करायचे, जानेवारीपासून आठ. २९ डिसेंबर २०२५ म्हणजे तिथे २० ताहसास २०१८. हाताने लिहिलेल्या पावतीवर २०१८ दिसलं तर जुनी पावती गळ्यात मारली असं समजून भांडायला जाऊ नका.

उंबरठा
इटालियनचं डोक्यातून काढा, आणि ‘तुमच्याकडे इटलीचं राज्य होतं ना’ हे तिथे चुकूनही बोलू नका. १८९६मध्ये अडवाच्या लढाईत सम्राट दुसऱ्या मेनेलिकच्या सैन्याने इटलीचा पराभव केला. तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा आहे. १९३६ ते १९४१ इटलीने देश बळकावला होता, पण त्याला ते ताबा म्हणतात, वसाहत नाही. माकियातो (थोडं दूध घातलेली कडक कॉफी) आणि पास्ता तेवढे मागे राहिले.

अदिसमध्ये अम्हारिक, हॉटेलांत इंग्रजी. लिपी पाहून घाबरू नका, ती बाराखडीच आहे, फक्त सात स्वरांची. प्रत्येक व्यंजनाची सात रूपं.

आडनाव नसतंच. स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं. पंतप्रधान अबिय अहमद यांच्या वडिलांचं नाव अहमद, म्हणून ‘मिस्टर अहमद’ चूक. पुरुषाला ‘आतो’, विवाहितेला ‘वेइझरो’, आणि पुढे पहिलं नाव.

पळीपंचपात्र
जेवणाच्या बाबतीत तुमच्या तारखा नशिबाने जुळल्यात. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा नाताळ, गेन्ना, ७ जानेवारीला असतो आणि त्याआधी चाळीसेक दिवस उपास. उपासाला मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य. ‘ये-त्सोम बेयाइनेतु’ (उपासाचं मिश्र ताट) मागा: इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मोठ्या धिरड्यावर, मसूर, भाज्या आणि शिरो (नाव गोड असलं तरी हे आपल्या पिठल्याच्या जवळचं) असं ताट येतं. ‘त्सोम’ म्हणजे उपास, तो शब्द गाळू नका, नाहीतर शिरोत मसाल्याचं लोणी येऊ शकतं. आणि मासे: पुष्कळ ठिकाणी ते उपासाला चालतात. ‘आसा’ म्हणजे मासा, तो नको असं आधीच सांगा. ७ तारखेनंतर असं ताट मुख्यतः बुधवारी-शुक्रवारी, ते उपासाचे वार. इतर दिवशी शोधावं लागेल.

रानवारा
हे फारच उपयोगी! लस लागते का? आणि लालिबेलाला रस्त्याने जावं का?

उंबरठा
पिवळ्या तापाची लस. खरी अडचण परतताना होते: इथिओपियाहून येणाऱ्याकडे वैध दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो, मग जन्मभर चालतो. म्हणजे तुमच्यासाठी १९ डिसेंबर ही अखेरची तारीख, पण तोवर थांबू नका. सरकारमान्य केंद्रांतच टोचतात आणि तिथे नंबर लावावा लागतो. साठीनंतर पहिल्यांदाच लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून आईंचं आधी डॉक्टरांशी बोला.

अदिस सुमारे २,३५० मीटरवर आहे. जिना चढताना धाप लागेल, पहिला दिवस मोकळा ठेवा. मलेरिया त्या उंचीवर नाही, सखल भागात आहे.

तासकाटा
रस्त्याने नको. लालिबेला अम्हारा प्रांतात आहे आणि तिथे २०२३पासून सरकारी फौजा आणि फानो या स्थानिक सशस्त्र गटांत चकमकी चालू आहेत. जायचंच तर विमानाने, आणि निघायच्या आठवड्यात भारतीय दूतावासाच्या सूचना पाहून. गेन्नाला तिथे यात्रेकरूंचा पूर लोटतो, ५ ते ८ जानेवारीच्या खोल्या आधीच संपतात.

बिरचा (तिथल्या चलनाचा) जुना भाव विसरा. जुलै २०२४मध्ये दर मोकळा सोडल्यावर डॉलर साधारण ५७ बिरवरून काही आठवड्यांत शंभरीपार गेला. बँकेतच बदला, पावती जपा.

लालिबेलात दगडात कोरलेली अकरा चर्च आहेत, प्रत्येकाच्या दारात बूट काढावे लागतात. आतल्या गालिच्यांत पिसवा असतात. जाड मोजे घाला, ते घोट्याच्या वर हवेत.