केजीसाठी शाळा निवडताना : नागपूरच्या पालकांचे अनुभव

दिवाळी झाली की नागपुरात साडेतीन-चार वर्षांच्या मुलांच्या घरी एकच विषय सुरू होतो : केजीला कुठे घालायचे? मराठी माध्यम की इंग्रजी, स्टेट बोर्ड की सीबीएसई, मोठी शाळा की गल्लीतली बालवाडी, या सगळ्यांतून आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो. म्हणून आधी माझा अनुभव मांडते आणि इतरांनीही आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती करते.

माझी मुलगी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. राज्यात वयाची अट ३१ डिसेंबरला मोजली जात असल्यामुळे ती नियमात बसली, पण वर्गातली सर्वांत लहान ठरली. आम्ही तिला नावाजलेल्या इंग्रजी शाळेत घातले. दुसऱ्या महिन्यापासून ती रोज घरी येताच दप्तरासकट संडासाकडे धावू लागली. डबा खायची, पण पाण्याची बाटली मात्र भरलेलीच परत यायची. बऱ्याच दिवसांनी तिने सांगितले की, तिथे सू लागली तर इंग्रजीत विचारावे लागते, ते वाक्य तिला येत नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. त्या दिवशी मी खूप रडले. शाळेशी बोलून फरक पडला नाही, तेव्हा वर्षाची फी सोडून तिला प्रतापनगरच्या एका छोट्या बालवाडीत आणले. तिथे बाई तिच्याशी मराठीत बोलतात आणि इंग्रजी गाणीही शिकवतात. आता बाटली रिकामी येते. बोर्डाची परीक्षा दहावीला असते, हे तेव्हा मला कोणी ठणकावून सांगायला हवे होते.

बेसा येथील एका वडिलांनी लिहिले आहे :
आम्ही अंतराचा विचार केला नाही, ही आमची चूक झाली. शाळा चांगलीच होती, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे व्हॅन सगळी मुले गोळा करत जायची आणि मुलाचा एका बाजूचा प्रवासच सव्वा तासाचा व्हायचा. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली, तरी परतीची वेळ उन्हाचीच असायची. लाल चेहऱ्याने, झोपेतच तो व्हॅनमधून उतरायचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, हे आपल्याला ठाऊक असते, पण शाळा निवडताना आपण तेच ऊन विसरतो. धाकटीसाठी आम्ही पायी दहा मिनिटांवरची शाळा घेतली.

महाल येथील एका आईने लिहिले आहे :
माझे शिवणकाम आहे आणि यजमान ऑटो चालवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून मुलाचा नंबर लागला, तेव्हा आनंद झाला आणि भीतीही वाटली. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी पुरावा आधीच काढून ठेवला होता, म्हणून धावपळ झाली नाही. फी लागत नाही, पण सहली, स्नेहसंमेलनाचे कपडे, प्रकल्पाचे सामान हा खर्च होतोच, तो आधी विचारून घ्यावा. आणखी एका शाळेत आम्हा दोघांची इंग्रजीतून मुलाखत घेतली होती. २००९ च्या याच कायद्याचे कलम १३ प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची अशी चाळणी करण्यास मनाई करते, हे मला नंतर कळले. आधी माहीत असते, तर मी तिथे मान खाली घालून बसले नसते.

एका निवृत्त शिक्षक आजोबांनी लिहिले आहे :
नातवाला मराठी बालवाडीत घालावे, असा माझा आग्रह होता आणि सूनबाईंचा विरोध होता. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे जे काम सुरू केले, ते मुलाच्या अंगणातल्या वस्तू आणि मुलाची भाषा घेऊनच, असे मी त्यांना सांगितले, पण माझ्या सांगण्याने त्यांचे मन वळले नाही. तान्ह्या पोळ्याला त्या बालवाडीत मुले आपापले लाकडी बैल घेऊन आली. बाईंनी बैलांच्या रांगा लावून मुलांकडून ते मोजून घेतले, मोठा-लहान ओळखायला लावले आणि मग प्रत्येकाने आपल्या बैलाबद्दल दोन वाक्ये सांगितली. घरी फारसे न बोलणारा आमचा नातू तिथे बोलायचा थांबेचना. सूनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

केंद्र सरकारच्या नोकरीतील एका आईने लिहिले आहे :
आमची दर तीन-चार वर्षांनी बदली होते, त्यामुळे सीबीएसई हाच आमच्यासाठी व्यवहार्य पर्याय होता आणि मुलगी त्यात आनंदाने रुळली. मराठी आम्ही घरी जपतो. ज्यांची परिस्थिती अशी आहे, त्यांनी मनात अपराधी भावना बाळगू नये.

केजीला वीस वर्षे शिकवणाऱ्या एका बाईंनी लिहिले आहे :
पालक एसी आणि स्मार्ट बोर्डबद्दल विचारतात. एका बाईकडे किती मुले आहेत, मदतनीस मावशी किती आहेत आणि मूल रडले तर कोण उचलून घेते, हे फार थोडे जण विचारतात. शक्य असल्यास वर्गाच्या कोपऱ्यात वीस मिनिटे बसू द्या, अशी विनंती शाळेला अवश्य करावी. मात्र ही भेट दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घ्यावी, कारण पुढे स्नेहसंमेलनाचा सराव सुरू झाला की आमचे वर्ग रिकामे असतात आणि मुले दिवसभर मैदानावर नाच बसवत असतात.