पाचवी ‘ब’ची हजेरी : गिरणगावातले वर्गमित्र पुन्हा भेटले तेव्हा

लालबाग, आता बदलापूर

गेल्या महिन्यात आमच्या १९८७ च्या दहावीच्या बॅचचा मेळावा परळच्या एका हॉलमध्ये झाला. फेटे, गुलाबाची फुलं, व्हीलचेअरवर बसून आलेल्या आमच्या गणिताच्या बाई, बटाटेवडे, सगळं रीतसर. खूप बरं वाटलं. जेवणं झाल्यावर एकीने पिशवीतून पाचवी ‘ब’चा फोटो काढला, १९८१ चा, आणि आम्ही सगळे त्यावर वाकलो. मोजून ५२ पोरं-पोरी. त्यातले हॉलमध्ये होतो १९.

बाकीचे कुठे गेले ते कुणी कुणाला विचारलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा आम्ही पाचवीत होतो. एप्रिलमध्ये परीक्षा दिली. मे महिन्यात दरवर्षीसारखे सगळे गावी गेले. जूनमध्ये शाळा उघडली तर सहावी ‘ब’मध्ये जिकडेतिकडे मोकळे बाक. बाई हजेरी घेत होत्या. “सतरा?” गप्प. “अठरा?” गप्प. “एकोणीस?” मी म्हटलं, “हजर बाई.” माझ्या बाकावरचा अठरा नंबर नव्हता. दिवाळीपर्यंत बाई तो नंबर पुकारत राहिल्या. मग एक दिवस नवीन हजेरीपट आला आणि माझा नंबर बदलून तेरा झाला. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, आणि ती पोरं कधी परत आली नाहीत.

म्हणून मला वाटतं, दहावीच्या बॅचचा ग्रुप म्हणजे जे मुंबईत टिकले त्यांचा ग्रुप. आपला खरा वर्ग पाचवीचा. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी, डिलाईल रोड, जिथले कुणी असाल, लिहा. कोण सापडलं, कसं सापडलं, भेटल्यावर काय झालं. नाही सापडलं किंवा भेटून पुन्हा तुटलं, तेही लिहा.

डिलाईल रोड, आता डोंबिवली

पोरींना शोधणं किती अवघड असतं ते पुरुषांना सांगून कळायचं नाही. लग्नात आडनाव गेलं, कित्येकींचं तांदळात लिहून नावही बदललं. माहेरच्या नावाने फेसबुकवर शोधलं तर कोण सापडणार? आमच्या ग्रुपवर ३१ पोरं आणि ६ पोरी, ते याचमुळे.

माझी मैत्रीण डावखुरी. म्हणजे नुसती डावखुरी नाही, वही पार आडवी करायची आणि मनगट वरून वाकवून, जणू कुणापासून लपवून, लिहायची. चौथीत तिला त्यावरून पट्ट्या खाव्या लागल्या. ती रडायची नाही, हात झटकायची आणि परत त्याच हाताने लिहायला लागायची.

२०१६ मध्ये सासऱ्यांना घेऊन केईएमला गेले होते. केसपेपरच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई कागद भिंतीला टेकवून लिहीत होती. कागद आडवा, मनगट वाकलेलं. चेहरा मला अजिबात ओळखू आला नाही, केस सगळे पांढरे. पण तो हात! मी म्हटलं, “अहो, जरा ऐकता का, तुमचं माहेरचं आडनाव काय?” तिने वळून पाहिलं आणि पेन तसंच धरून म्हणाली, “तू बारा नंबर चाळीतली ना गं?”

तिचे वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणणारे. संपानंतर दीड वर्ष त्यांनी नाक्यावर भाजी विकली, मग मंडळी नातेवाइकांकडे दिव्याला गेली. दिवा म्हणजे डोंबिवलीच्या आधीचं दुसरं स्टेशन. माझं लग्न होऊन १९९३ पासून मी डोंबिवलीत आणि ती दिव्यात. तेवीस वर्षं एकाच लोकलच्या मार्गावर. ते समजलं तेव्हा आम्ही दोघी त्या रांगेतच रडलो. आता महिन्यातून एकदा तिच्याकडे नाही तर माझ्याकडे. तिला अजून कुणी “किती छान अक्षर” म्हटलं की ती हात झटकते.

पाटण तालुका, जिल्हा सातारा

मी त्या फोटोतल्या न सापडलेल्यांपैकी. म्हणजे या शाळेचा नाही, पण तसाच एक. म्हणून लिहितोय.

वडील गिरणीत थ्रॉसल खात्यात, म्हणजे सूतकताईत होते. आम्ही बावीस माणसं एका खोलीत, त्यातली सोळा गावचीच, पाळीपाळीने झोपायची. मे १९८२ ला परळ डेपोतून एसटीत बसलो तेव्हा मला वाटलं सुट्टीला निघालोय. बाकावरच्या दोस्ताला कंपास पेटी देऊन आलो होतो, “जूनमध्ये दे” म्हणून. गावच्या शाळेत गुरुजी म्हणाले दाखला आणा. दाखला आणायला मुंबईला जायचं तर एसटीचं भाडं कुठून काढायचं? मग मला परत पाचवीत बसवलं. पास झालेल्या पोराला परत पाचवीत. ते मी अजून विसरलेलो नाही. नववीनंतर शाळा सोडली, ऊसतोडीच्या मुकादमाकडं हिशेब लिहिला, आता चार म्हशी आहेत आणि बरं चाललंय.

२०१९ ला फोन आला. आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या मुंबईच्या खोलीवर जाऊन माझा नंबर काढलेला. “अरे तू होतास कुठं?” असं तिकडनं हसत विचारलं आणि मला पहिल्यांदा आला तो राग. मी कुठं गेलो नव्हतो. मी घरीच होतो, पत्ता तोच. सदतीस वर्षांत एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर आलं असतं. मी ग्रुपात आलो आणि आठ दिवसांत बाहेर पडलो. तिथं टॉवरमधल्या घरांचे भाव आणि पोरांच्या नोकऱ्या चालू होत्या. कुणी वाईट नव्हतं, पण मला बोलायला काही नव्हतं.

मग दिवाळीनंतर चौघं गाडी काढून थेट दारात. लालबागचा चिवडा घेऊन. आमच्या घरच्यांनी भाकरी आणि कोंबडी केली. बाकावरचा दोस्त जेवताना मान खाली घालून बोलला, “तुझी कंपास पेटी मी सातवीपर्यंत वापरली. मग कर्कटक मोडलं आणि टाकून दिली रे.” एवढं बोलायला तो मुंबईवरनं आला असं मला वाटलं. त्या रात्री ओट्यावर आम्ही पाच जण तीनपर्यंत जागे होतो. ग्रुपात मी परत गेलो नाही. त्या चौघांचे फोन मात्र येतात, आणि मीही करतो.

परळ, आता ठाणे

थोडक्यात लिहितो, कारण जास्त लिहिवत नाही. माझा जिवलग मित्र २०१५ ला सापडला, वर्षभर आम्ही दर रविवारी भेटायचो. भारतमाता सिनेमासमोर उभं राहायचं, चहा, परळ नाक्यापर्यंत पायी. मग त्याने मुलीच्या ॲडमिशनसाठी ४० हजार मागितले आणि मी दिले. त्याला फेडता येईना, तेव्हा त्याने माझे फोन घेणं बंद केलं. पैशांचं मी कधीच सोडून दिलंय, त्याला तसा मेसेजही केला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. आपल्यातल्या काहींचं बरं झालं आणि काहींचं झालं नाही, हे भेटीच्या पहिल्या दिवशी दिसत नाही, वर्षभरात दिसतं. तू हे वाचत असशील तर रविवारी मी तिथेच असतो.

वरळी बीडीडी

आमच्या वर्गातल्या एकाची आई खानावळ चालवायची. आत्ताच्या पोरांना खानावळ म्हणजे बोर्ड लावलेलं हॉटेल वाटतं. आपल्याकडे ती एका खोलीत असायची, १६० चौरस फुटांत. एका बाजूला मोरी, एका बाजूला दोन स्टो, आणि मधल्या जागेत एका वेळी सहा जण मांडी घालून जेवायचे. गावी बायकापोरं ठेवून आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर जेवत. प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, सावकाराच्या तावडीतून सुटून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आमच्या मावशींनीही त्यातूनच कर्ज घेऊन मोठी पातेली आणली होती.

संपात सगळ्यांची उधारी थकली. मावशींनी पहिले सहा महिने कुणाला जेवायला नाही म्हटलं नाही. आमचे तात्या चार महिने तिथे जेवले, कारण आई आम्हा भावंडांना घेऊन मामाकडे गेली होती. ते पैसे द्यायचे राहिले. तात्या जाईपर्यंत तो विषय काढायचे, “मावशीचं देणं आहे.” आकडाही त्यांना पाठ होता, ४१२ रुपये.

२०१८ ला ग्रुपमुळे मावशींचा मुलगा भेटला. मी पाकीट घेऊनच गेलो होतो. मावशी १९९८ मध्येच गेल्या होत्या. मी म्हटलं, “वहीत तात्यांचं नाव असेल, बघ.” तो म्हणाला, “कुठली वही? आईने ती वही केव्हाच बंबात घातली. त्या दिवशी आंघोळीला पाणी चांगलं तापलं असं म्हणायची.” पाकीट त्याने हातातही घेतलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या बीडीडी चाळींच्या जागी उठलेल्या पहिल्या नवीन इमारतींच्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांची घरं. त्यात त्याचं घर आलं. आम्ही वर्गातले चौदा जण गेलो. त्याच्या बायकोने टेबल मांडलं होतं, पण हा म्हणाला, नको, खाली बसा. चौदा जण एका पंगतीत बसलो आणि तरी जागा उरली. वाढायला तोच उभा, मावशींसारखा, डाव्या हातात पातेलं आणि पदर नाही म्हणून खांद्यावर टॉवेल.

चिंचपोकळी, आता पनवेल

ज्याच्याबद्दल मेळाव्यात कुणी बोलत नाही त्याच्याबद्दल मला लिहायचंय. आमच्या बाकावर तिघे. तिसरा धावण्यात पहिला यायचा. संपानंतर त्याचे वडील दारूत गेले, हा आठवीत शाळेतून गेला, आणि पुढे गिरणगावात जी टोळ्यांची वर्षं आली त्यात तो ओढला गेला. बेकार बापांची किती पोरं त्या वाटेने गेली ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १९९४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा तो चोवीस वर्षांचाही नव्हता.

मेळाव्यात दिवंगत मित्रांची यादी वाचली, दोन मिनिटं उभे राहिलो. यादीत तो नव्हता. आयोजकांना मी दोष देत नाही, त्यांना अवघड वाटलं असेल. मी हात वर करून त्याचं नाव सांगितलं. कोपऱ्यातून आमच्या पीटीच्या सरांचा आवाज आला, “शंभर मीटर, तेरा सेकंद.” सर पंच्याऐंशीचे आहेत. मग पुन्हा दोन मिनिटं सगळे उभे राहिले.

शिवडी, आता नालासोपारा

मी आतापर्यंत नऊ जण शोधले, म्हणून उपयोगाचं तेवढं सांगतो. फेसबुकवर वेळ घालवू नका. गावाचं नाव आठवत असेल तर त्या गावचं ग्रामस्थ मंडळ मुंबईत असतंच, आणि लालबाग-परळमध्ये कुठेतरी गावकीची खोली अजून असते. तिथे रविवारी सकाळी जा. वडिलांचं नाव आणि गिरणी सांगा, तुमच्या मित्राचं नाव कुणाला माहीत नसतं, वडिलांचं असतं. दुसरं, गिरणी कामगारांच्या घरकुलाच्या सोडतीच्या याद्या. २०१२ ला ६,९२५ घरांची सोडत निघाली, त्या यादीत मला एका मित्राच्या वडिलांचं नाव सापडलं. तिसरं, अनंत चतुर्दशी. गणेश गल्लीचा गणपती निघतो तेव्हा पहाटेपासून नाक्यावर उभे राहा. विरारचा असो की कर्जतचा, त्या दिवशी आपला माणूस येतोच. मला दोघे तिथेच मिळाले.

लालबाग, आता बदलापूर

सगळं दोनदा वाचलं. पाटणच्या दादांचं पोस्टकार्डाचं वाक्य मनाला लागलं. अठरा नंबरचं गाव मला माहीत होतं आणि मीही कधी पत्र टाकलं नाही.

परवा शाळेत जाऊन आलो. आताच्या मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढून दिलं, कापडी बांधणीचं, पानं पिवळी. १९८२ च्या पानांवर आमच्या तुकडीतल्या अकरा जणांच्या नावापुढे दाखल्याची तारीखच नाही. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात अकरांपुढे एकच शेरा, एकाच शाईत, बाईंच्या वळणदार अक्षरात : ‘सतत गैरहजर’.

जन्मस्थळाच्या रकान्यातून गावं उतरवून आणली आहेत. चार संगमेश्वर तालुक्यातली, तीन पाटण, दोन शिराळा, एक जुन्नर, एक देवगड. यातल्या कुठल्या तालुक्यातले तुम्ही असाल किंवा तिथल्या मंडळात कुणी ओळखीचं असेल तर सांगा, मी गावाचं नाव कळवतो. अठरा नंबर देवगडचा. शनिवारी रात्रीच्या गाडीने आम्ही तिघे निघतोय.