अमूर्त चित्रांसाठी विषय कुठून आणता? माझ्या खिडकीतून फक्त भिंत दिसते

रेघोटी
मंडळी, सल्ला हवाय. सहा-सात वर्षं जलरंगात निसर्गचित्रं केली. गेले चार महिने ॲक्रिलिकमध्ये अमूर्त करून बघतेय आणि पार अडकलेय. कोऱ्या कॅनव्हाससमोर बसते, मनाला येईल तसे रंग लावते आणि दर वेळी तेच होतं: मध्यभागी एक भोवरा, कडेने निळं. ११ कॅनव्हास झाले, सगळी सख्खी भावंडं! 'निसर्गातून प्रेरणा घ्या' असं जो तो सांगतो, पण घ्यायची म्हणजे नेमकं करायचं काय? झाड बघितलं की माझ्या हातून झाडच उतरतं. रोज उठून डोंगर-समुद्र गाठणंही शक्य नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची ओल आलेली भिंत दिसते, बस्स.

कातरवेळ
ओल आलेली भिंत, आणि वर तक्रार! अहो, लिओनार्दो द विंचीने शिकाऊ चित्रकारांसाठी हेच लिहून ठेवलंय: डागाळलेल्या भिंती बघत बसा, त्यात डोंगर, नद्या, लढाया, चेहरे सापडतील. तुमचं काम मात्र नेमकं उलटं. त्याला डागात डोंगर हवा होता, तुम्हाला डागात डागच दिसायला हवा.

जाड पुठ्ठ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी कापा आणि एक डोळा मिटून त्यातून भिंत बघा. चौकटीत आलेल्या गोष्टीला 'पाइप', 'तडा', 'नकाशा' असं नाव देता आलं, तर चौकट सरकवा. नाव सुचेना झालं की थांबा आणि तेवढाच तुकडा काढा. ओलीच्या डागाची कड जरूर बघा. पाणी भिंतीतले क्षार घेऊन सरकतं आणि जिथे सुकतं तिथे ते सोडून जातं, म्हणून कडेला वेगळी रेघ उमटते. जलरंगाचा थेंब सुकताना कडेला रंग साचतो, त्याचाच हा भाऊबंद. म्हणजे तुमच्या हाताला ही गोष्ट आधीच ठाऊक आहे.

मधलीसुट्टी
+१. मी सरळ फोटो काढतो, कृष्णधवल करतो आणि उलटा फिरवतो. उलट्या फोटोत डोळा वस्तू शोधणं सोडतो, गडद-फिकं तेवढं उरतं. अमूर्त चित्रांच्या सुरुवातीच्या चित्रकारांपैकी एक असलेल्या कान्दिन्स्कीने १९१३ साली लिहिलेल्या आठवणींत किस्सा आहे: संध्याकाळी स्टुडिओत शिरला तर भिंतीशी एक विलक्षण सुंदर चित्र, विषय काही कळेना. निघालं त्याचंच, आडवं ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात तो परिणाम पुरता साधेना, ते वेगळं.

खोडरबर
फोटोला माझा विरोध. फोटोत चौकट आधीच ठरून जाते आणि मग नुसती नक्कल होते, फक्त ओळखू न येणाऱ्या गोष्टीची.

'झाडच उतरतं' म्हणताय ना, उतरू द्या की. तेच झाड वीस वेळा काढा. डच चित्रकार मोन्द्रियानची झाडं ओळीने लावून बघा: १९०८ च्या सुमारास सुरू केलेलं लाल झाड, १९११ चं करडं, १९१२ चं फुललेलं सफरचंदाचं. पहिल्यात चक्क बुंधा आणि फांद्या आहेत, शेवटच्यात एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उरल्यात. एका उडीत तो तिथे पोचला नाही. माझ्यापुरता नियम असा, की पाचव्या रेखाटनापासून फांद्या काढायच्याच नाहीत, फांद्यांमधलं आकाश काढायचं. ते तुकडे इतके विचित्र असतात की मनाने रचू म्हटलं तर रचता येणार नाहीत. तुमचा भोवरा येतो तो मनातूनच येतो. हात सवयीचं वळण घेतो.

पाणकावळा
थोडा वेगळा सूर लावतो. बाहेरून काही आणायलाच हवं का? आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे स्वतःच्या कामाला 'अमूर्त' न म्हणता 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठल्याच वस्तूवर न बेतलेलं, म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर, आणि वर्षाकाठी चित्रं मोजकीच. चार महिन्यांत ११ कॅनव्हास म्हणजे घाई होतेय असं मला वाटतं, राग मानू नका.

तरी सुरुवात हवीच असेल, तर पातळ कागद आणि मेणाचा खडू घ्या. चपलेचा तळ, पानाच्या शिरा, लाकडी फळी, जे हाताला लागेल त्यावर कागद ठेवून खडू आडवा घासा. चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये जमिनीच्या फळ्यांवरून हेच केलं होतं. पोत आयता मिळतो, डोकं मध्ये येत नाही.

रेघोटी
आठवड्याने हजर! राग कसला, घाई होतच होती. पुठ्ठ्याची खिडकी केली. पहिले दोन दिवस फक्त नकाशे दिसले. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास पाइपची सावली डागावरून तिरकी गेली आणि तिथे एक तिकोनी, जरा हिरवट तुकडा सुटला. त्याची १४ छोटी रेखाटनं केली. भिंत 'करडी' आहे असं इतकी वर्षं समजत होते, तिच्यात जांभळट आणि शेवाळी छटा निघाल्या. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पांढरा मिसळून त्यातल्या निम्म्या जमल्या. भोवरा गायब आहे. खोडरबर, फांद्यांमधलं आकाश पुढच्या आठवड्यात. आता एकच अडचण: ती डागाची कड ॲक्रिलिकमध्ये येतच नाही. ब्रशने काढली की काढलेली दिसते.

कातरवेळ
काढू नका, सुकू द्या. कॅनव्हास आडवा ठेवा, रंग पाण्यासोबत थोडं मीडियम (ॲक्रिलिकमध्ये मिसळायचा बिनरंगी चिकट द्रव) घालून पातळ करा (नुसतं पाणी जास्त झालं तर रंगाची पकड जाते) आणि थारोळं साचू द्या. कडा आधी सुकतात. तेवढ्यात मधला ओला रंग फडक्याने टिपून घ्या, कड मागे राहील.

रेघोटी
किती वेळ थांबायचं?

कातरवेळ
घड्याळ नको. कड बोटाला चिकटत नाही आणि मध्य अजून चमकतोय, असं दिसलं की टिपा. आधी जुन्या कॅनव्हासवर करून बघा, ११ आहेतच.