अनुभव धागा: केबिन बॅग की चेक-इन? तुमचं सामान, तुमचे किस्से

सिडकोची_सून
काल माळा काढला. लेक सप्टेंबरात जर्मनीला शिकायला जाणार, म्हणून मोठी बॅग खाली घेतली. हँडलला २००८चा टॅग अजून चिकटलेला! धूळ पुसता पुसता तो हाताला लागला आणि पोटात धस्स झालं.

तेव्हा सातपूरच्या कंपनीतर्फे तीन आठवडे स्टुटगार्टला गेले होते. पहिलाच परदेश प्रवास. आईने बॅग भरली, सासूबाईंनी वरून ठासली. फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं. स्टुटगार्टला उतरले तर सामानाचा पट्टा फिरतोय, एक लाल बॅग तीनदा माझ्यासमोरून गेली, माझी काही येईना. शेवटी पट्टाच बंद झाला. माझी बॅग मुंबईतच राहिली होती. अंगावर पंजाबी ड्रेस, पायात सँडल आणि बाहेर नोव्हेंबर. त्याच ड्रेसमध्ये तीन दिवस ऑफिसला गेले, रोज रात्री तो धुऊन हीटरवर वाळत घालायचा. चौथ्या दिवशी बॅग आली ती मेतकुटाची पिशवी फुटलेली. पुढचे अडीच आठवडे माझ्या ब्लेझरला मऊ भाताचा वास.

तेव्हापासून मी केबिनवाली. सात किलोत संसार. नवरा उलट, दोन दिवस बेंगळुरूला जायचं तरी पंधरा किलो भरणार, कारण "तिकिटात पैसे दिलेत ना!" आता गंमत अशी की लेक म्हणते, मम्मी मी फक्त केबिन बॅग नेणार. आणि मीच तिला दोन दिवस समजावतेय, अगं मोठी ने, लागेल. स्वतःचं बोलणं स्वतःलाच ऐकू आलं म्हणून हा धागा. लिहा पटापट.

वाफाळता_चहा
वाचतेय. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

कसारा_घाट
चेक-इन. कायम चेक-इन. नाशिकहून मुंबईला चार तास घाट उतरून जायचं, वर तीन तास आधी पोचायचं, मग ती बॅग विमानतळभर कोण ओढत बसणार? काउंटरवर दिली की मोकळा. मग निवांत वडापाव. किमतीचं विचारू नका.

निफाडचा
आमची गोष्ट ऐका भो. मेव्हणा बेंगळुरूला. बागेतली द्राक्षं न्यायची म्हणून पाच किलोची पेटी चेक-इनला दिली. पट्ट्यावर पेटी आली ती ओली, मागं रसाची रेघ. लोक माझ्याकडं पाहायला लागले, मी मोबाइलकडं. पुढच्या खेपेला शहाणा झालो. केबिन बॅगेत फक्त द्राक्षं, कपडे सगळे अंगावर. दोन शर्ट, वर स्वेटर, जॅकेटच्या खिशात ब्रश आन दाढीचं. फेब्रुवारीत बेंगळुरूला उतरलो तर घामानं आंघोळ. पण मणी एक फुटला नाही.
नवल वाटतं ते याचं की आमचाच माल गारेगार कंटेनरमधून रॉटरडॅमला धड पोचतो. तिथं प्रीकूलिंग असतं, म्हंजे माल भरायच्या आधीच गार करतात, पेटीत बुरशी रोखणारा ग्रेपगार्डचा कागद असतो. आपल्या पेटीत काय, कालचा पेपर.

मेतकूट
निफाडचा 😂😂 पट्ट्यावर रेघ!
सून, माझं नाव वाचून बॅग आठवली का? 😄 मेतकुटाला दोन पिशव्या आणि वर घट्ट झाकणाचा डबा लागतो. जर्मनीला पेढे, तूप, चीज काही देऊ नकोस. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, सापडले की कचऱ्यात.

सिडकोची_सून
@मेतकूट अगं सासूबाईंनी साजूक तुपातले लाडू वळायला घेतलेत! लाडवातलं तूप धरायचं का?

मेतकूट
आता मी काय सांगणार 🙈 गाठ सासूबाईंशी आहे.

ओझरकर
ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, उडणाऱ्यांना एक सांगतो. विमान एटीआर असेल, म्हणजे ते पंख्याचं, तर केबिन बॅगवाल्यांनी फार तोरा मिरवू नये. वरचे कप्पे एवढेसे असतात. ५५ सेंटीमीटरची चाकाची बॅग घेऊन गेलात की शिडीपाशीच टॅग लावून खाली घेतात. माझी घेतली, त्यात बीपीच्या गोळ्या. तेव्हापासून गोळ्या, चाव्या, चष्मा सगळं खांद्यावरच्या झोळीत. एटीआरचा सामानाचा कप्पा पुढे असतो आणि आपण मागच्या दाराने चढतो, त्यामुळे आपली बॅग आपल्या आधी पुढे जाऊन बसलेली असते.
वडील इथल्या एचएएलमध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या कारखान्यात होते. लहानपणी आम्ही गच्चीवरून मिग मोजायचो. त्याच धावपट्टीवरून प्रवासी म्हणून उडायला माझी पन्नाशी उलटली.

रात्रपाळी_अंबड
ओझरकर काका, टाउनशिपमधले का? आमचे मामा पण तिथलेच!

ओझरकर
हो. मामा कोणत्या शॉपला?

रात्रपाळी_अंबड
विचारून सांगतो. बाकी विषयाबद्दल काही नाही, मी विमानात एकदाच बसलोय, तेही कंपनीने पाठवलं होतं आणि सामान म्हणजे एक हेल्मेट.

आजोबा_७१
आम्ही उभयता २०१७ साली प्रथमच मुलाकडे अमेरिकेस गेलो. प्रत्येकी २३ किलोच्या दोन, म्हणजे एकूण चार बॅगा, आणि चारही काठोकाठ. मुलाने फोनवर बजावले होते की अमेरिकेत जिथे प्रथम उतराल तिथेच सामान ताब्यात घ्यायचे, कस्टम्स पार करायचे आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायचे. हिने ते डायरीत लिहूनही घेतले. डायरी चेक-इनच्या बॅगेत.
साहजिकच आम्ही शिकागोला उतरून हात हलवत पुढच्या विमानाकडे गेलो. सामान दोन दिवसांनी घरी आले. हिची पुरणपोळी मात्र अर्धीच आली, एका बॅगेत तपासणीची चिठ्ठी होती. मुलगा म्हणाला, बाबा, त्यांनी खाल्ली नसेल. मला आजही खात्री नाही.

वाफाळता_चहा
आले. आजोबा, डायरी चेक-इनमध्ये 😂 आमच्याकडेही अगदी हेच होणार.
परदेशातून दिल्ली किंवा मुंबईमार्गे ओझरला येणाऱ्यांनाही साधारण हेच लागू आहे बरं का. पहिल्या विमानतळावर बॅग घ्या, कस्टम्स करा, पुन्हा द्या. आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅग आपोआप पुढे जाईल या भरवशावर राहू नका. बहिणीने ते केलं आणि विमान चुकलं. तेव्हापासून ती केबिनवाली.

तीन_पिशव्या
आमच्या घरी कोणी केबिन केबिन म्हटलं की सासरे विचारतात, "मग नारळ कुठे ठेवणार?" बहिणीची ओटी भरलेला नारळ मी हँडबॅगेत घेऊन गेले, तपासणीत काढून घेतला. ओटीचा नारळ हो! मी तिथेच रडायला लागले, मागे रांग. सुकं खोबरं तर चेक-इनमध्येही चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणे. वाट्या घरी ठेवा, किसून भाजून चटणी करून न्या.

पंचवटीतली
सगळे हसताय म्हणून लिहू की नको करत होते.
बाबा हैदराबादला भावाकडे असताना गेले. विसर्जन रामकुंडावरच व्हावं ही त्यांची इच्छा, जन्म गेला इथल्या घाटावर. भाऊ म्हणाला गाडीने जाऊ, पण दिवस कमी होते. ओझरचं विमान होतं. त्या दिवशी केबिन की चेक-इन हा प्रश्नच नव्हता. मृत्यूचा दाखला आणि स्मशानातली पावती वरच्या खिशात ठेवली. तपासणीला मुलगा होता, विशीतला. त्याने कागद पाहिला, कलशाचं फडकं सोडायला सांगितलं नाही, ट्रे स्वतः उचलून माझ्या हातात दिला.
पुढे पंचाईत. विमानात मांडीवर घेऊन बसले तर हवाईसुंदरी म्हणाली, उड्डाण होईस्तोवर समोरच्या सीटखाली ठेवा. पायाशी? बाबांना? मी उठलेच. शेवटी ओढणीत गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवला आणि शेजारच्यांना म्हटलं, तुमची बॅग जरा सरकवता का. त्यांनी काही न विचारता खाली काढून घेतली.
बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ते असे.

सिडकोची_सून
ताई. 🙏

आजोबा_७१
लिहिलेत ते बरे केलेत.

मेतकूट
🙏 डोळे भरून आले, पोळी करपली.

काटा_मारतो
(विषयावर येतो.) माझं काम लॉजिस्टिकचं, म्हणून थोडं रुक्ष. बॅग नाही आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच तक्रार नोंदवा, पीआयआर म्हणतात त्याला, आणि त्याचा नंबर घ्या. बोर्डिंग पासवर चिकटवलेलं ते छोटं स्टिकर फेकू नका, तोच पुरावा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९चा मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे. बॅग मोडली, फाटली तर हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी कळवायचं. उशिरा आली तर २१ दिवसांत. तोंडी भांडण हिशेबात धरत नाहीत, नाशिककरांनो.
आणि एका बॅगेत ३२ किलोच्या वर भरू नका. जादा पैसे देतो म्हणालात तरी घेत नाहीत, उचलणाऱ्याच्या कमरेचा प्रश्न असतो.

कसारा_घाट
@काटा मग सूनबाईंच्या तीन दिवसांच्या कपड्यांचे पैसे मिळाले असते का?

काटा_मारतो
गरजेपुरते घेतलेले कपडे, ब्रश वगैरेंच्या पावत्या असत्या तर मागता आले असते.

सिडकोची_सून
पावत्या कसल्या, मी दुकानातच गेले नाही! युरोला साठाने गुणत होते मनात.

दोन_चाकी
पॉवरबँक कोणी चेक-इनमध्ये ठेवू नका. मी ठेवली. मुंबईला चेक-इन करून आत गेलो तर माझ्या नावाचा पुकारा. खाली एका खोलीत नेलं, माझी बॅग टेबलावर, म्हणे उघडा. आईने वर कुरडया लावलेल्या, वर्तमानपत्रात. चार जणांसमोर एकेक पुडकं बाहेर. पॉवरबँक निघाली तळाशी, मोज्यात. लिथियमची बॅटरी खाली पेटली तर विझवणं कठीण, म्हणून ती सोबतच ठेवायची. पटलं. पण कुरडयांचा चुरा झाला तो झालाच. त्यातला एक जण विचारतो, "ये तल के खाते हैं क्या?" त्याला दोन दिल्या.

निफाडचा
कच्च्याच? 😂

दोन_चाकी
मग काय तिथं कढई मागू 😂

रात्रपाळी_अंबड
मामांना विचारलं. हँगरला होते, ९८ साली निवृत्त. तुमच्या वडिलांना ओळखत असतील म्हणतात, स्कूटर पिवळी होती का?

ओझरकर
पिवळीच! अहो, नंबर द्या मामांचा. इथे नको, व्यक्तिगत निरोपात.

गंगापूर_रोड
सगळे घाट घाट करताय, समृद्धी महामार्गाने जात नाही का कोणी? इगतपुरी ते आमणे शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा घाट चुकतो. पुढे भिवंडीत अडकायचं ते अडकायचंच.

कसारा_घाट
माझं नाव बदलायला लावता का आता.

तीन_पिशव्या
@सिडकोची_सून मग ठरलं काय? लेक काय म्हणते?

सिडकोची_सून
काल रात्री मोठी लढाई. तिकिटावर २३ किलोची एक बॅग आणि ८ किलो केबिन आहे. लेक म्हणते कपडे तिथेच घेईन, मसाला तिथेही मिळतो, मम्मी आता २००८ नाहीये. खरंय तिचं. मी गप्प बसले. मग सासूबाई बोलल्या, "ठीक आहे, तू केबिन ने. मोठी बॅग आमची." म्हणजे बॅग तिच्यासोबत जाणार, पण आत काय ते आम्ही ठरवणार. लेक हसली, हो म्हणाली.
आज रद्दीवाल्याकडे नेऊन काट्यावर ठेवली. २४ किलो ६००. तो म्हणतो, ताई, विकायची का?

काटा_मारतो
एक किलो सहाशे काढा. त्याच्या काट्यावर भरवसा असेल तर.

मेतकूट
कुरडया काढ.

सिडकोची_सून
कुरडयांना वजन कुठे असतं! पितळी सोऱ्या निघाला तळाशी, चांगला किलोभर. कोणी ठेवला ते घरात कोणी कबूल करत नाहीये. तो काढला. राहिले सहाशे ग्रॅम. लेकीचा कोट अंगावर घालून पाठवते, निफाडच्या दादांसारखा.

निफाडचा
सप्टेंबरात मुंबईला कोट? पोरगी घामानं जाईल हो. पण मणी फुटणार नाही 👍

वाफाळता_चहा
मेतकूटताई, ते प्रमाण सांगा ना एकदा, धागा निघालाच आहे तर. माझं कडवट होतं.

मेतकूट
मेथ्या जास्त पडत असतील किंवा करपत असतील. हरभरा डाळ दोन वाट्या, तांदूळ एक, उडीद डाळ अर्धी, गहू पाव. सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र नाही. मेथ्या फक्त अर्धा चमचा आणि मंद आचेवर... थांबा, गॅसवाला आलाय, सिलिंडर घेऊन येते.