विषय: सांगलीतल्या घरी तीन-चार दिवस लाईट नसली तर?

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा सांगलीत गावभागात दोघंच राहतात. बाबा ७८, आई ७४. बाबांना इन्सुलिन चालू आहे. आईचे गुडघे दुखतात, जिना चढते पण सावकाश. घर जुनं आहे, खाली दोन खोल्या आणि वर एक. २०१९ च्या पुरात दोघं मिरजेला मावशीकडे होते म्हणून निभावलं. यंदा बाबा म्हणतात, "पाणी आलं तर वर जाऊन बसू, कुठं जायचं नाही."

मी इथून, परदेशातून, मोठा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या बसवून द्यायचा विचार करतेय. चुलतभाऊ म्हणतो जनरेटर घे. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण नेमकं काय घ्यावं ते कळत नाही. ज्यांचे आई-वडील तिकडे आहेत त्यांनी कृपया सांगा.

— गावभागातली

* * *

ताई,

आम्ही इस्लामपूरला आई-वडिलांच्या घरावर सोलर बसवून घेतलं. सबसिडीही मिळते आता. बिल जवळजवळ शून्यावर आलं. लाईटचा प्रश्नच मिटेल, तेच करा.

— इस्लामपूरकर

* * *

नमस्कार,

मी वीज बोर्डात नोकरी केली, निवृत्त झाल्यावर विश्रामबागेत राहतो. थंडीत मुलाकडे येतो म्हणून या ईमेल यादीवर आहे. सध्या सांगलीतूनच लिहितोय. जरा लांबेल, पण विषय तसा आहे.

आधी सोलरचं. छतावरचं नेहमीचं ऑन-ग्रिड, म्हणजे बोर्डाच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. ते मुद्दामच तसं केलेलं असतं. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाईनवर जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम असेल तरच उपयोग. इस्लामपूरकरांनी आपल्याकडे कोणती आहे ते एकदा विचारून घ्यावं, कारण पुष्कळ घरांत हा गैरसमज आहे.

आता ताई, तुमचा प्रश्न. काय घ्यावं यापेक्षा, ७८ आणि ७४ वर्षांच्या दोन माणसांना, अंधारात, कुणाच्या मदतीशिवाय काय काय करता येईल, हे आधी बघा. परदेशातली मुलं वस्तू चांगल्या पाठवतात. पण १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. गावभागातल्या बहुतेक घरांत ती खालच्या खोलीत, जिन्याखाली, जमिनीवर ट्रॉलीत ठेवलेली असते. पाणी यायला लागलं की बाबा ती उचलून वर नेणार आहेत का? २०१९ ला किती इन्व्हर्टर असे जागच्या जागी बुडाले ते मी पाहिलंय. म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर आत्ताच, पाऊस लागायच्या आधी, वरच्या खोलीत बसवून घ्या. खिडकीजवळ ठेवा, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, कोंडलेली जागा नको. वरच्या खोलीचं वायरिंगही खालच्यापासून वेगळं करून घ्या.

दोन बॅटऱ्या नकोत. हिशोब सांगतो. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास. सगळे मिळत नाहीत, हजार धरा. जुना पंखा ७५ वॉट खातो. दोन पंखे, चार दिवे, वायफाय असं सगळं चालवलं तर पाच तासांत संपलं. त्याऐवजी वरच्या खोलीत एक बीएलडीसी पंखा बसवा, तो साधारण ३० वॉटचा. रात्री आठ तास पंखा, संध्याकाळी दोन एलईडी चार तास, फोनचं चार्जिंग, मिळून दिवसाला साडेतीनशे वॉट-तासांच्या आत बसतं. म्हणजे एका बॅटरीवर तीन दिवस निघतात. एक अट मात्र आहे. दिवसा इन्व्हर्टरचं बटणच बंद ठेवायचं. नुसता चालू ठेवला तरी तो स्वतः थोडी थोडी वीज खात असतो, आणि तीन दिवसांत ते थोडं फार मोठं होतं. हे बाबांना तोंडी सांगू नका, जाड अक्षरात लिहून इन्व्हर्टरवर चिकटवा.

जनरेटर अजिबात नको. पेट्रोल साठवायचं, दोरी ओढायची आणि वर तो बंद घरात किंवा गॅलरीत चालवला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो. त्याला वास नसतो, रंग नसतो. पावसात जनरेटर उघड्यावर ठेवता येत नाही, म्हणून लोक तो आत घेतात. घात तिथेच होतो.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाणी अंगणात आलं, की खालचा मेन स्विच बंद करायचा हे सगळ्यांना माहीत असतं. इन्व्हर्टर बंद करायचं राहतं. मेन बंद, तरी इन्व्हर्टरमुळे खालच्या बोर्डात करंट असतो आणि ओल्या फरशीवर उभं राहून माणूस त्याला हात लावतो. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. आणि पाणी आत शिरलेलंच असेल तर मेनच्या जवळही जायचं नाही. पूर उतरल्यावर वायरमनने मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही, शेजाऱ्याची लाईट आली तरी नाही.

घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर यंदाच बसवा. बॅटरीपेक्षा खूप स्वस्त आहे.

— विश्रामबागचे काका

* * *

> बाबांना इन्सुलिन चालू आहे

ताई, डॉक्टर म्हणून एवढ्यापुरतं लिहिते.

वापरात असलेली बाटली किंवा पेन फ्रीजबाहेर ३० अंशांच्या आत बहुतेक इन्सुलिनना चार आठवडे चालतं. तुमच्या पेनच्या डब्यातला कागद बघून खात्री करा. ऑगस्टच्या पावसात सांगलीत एवढा उकाडा नसतो, म्हणून पुरात त्याची फार काळजी करू नका. काळजी वळवाच्या वेळी करायची. एप्रिल-मेमध्ये वारा सुटतो, झाडं तारांवर पडतात आणि चाळीस अंशांत दोन दिवस लाईट नसते. तेव्हासाठी मातीची दोन मडकी घ्या, एकात एक. मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवायची, आतल्या मडक्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, वरून ओलं फडकं. खेड्यांतल्या पेशंटना आम्ही हेच सांगतो. बर्फाला टेकवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं, वितळलं म्हणून परत वापरायचं नाही.

फ्रीज उघडला नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो. लाईट गेली की फ्रीजवर एक कागद लावायचा, 'उघडू नका'.

ग्लुकोमीटरचे सेल, पट्ट्या, सुया आणि दोघांच्या सगळ्या गोळ्या महिनाभराच्या घरात हव्यात. बाबांची साखर उतरली तर काय, हेही बघा. आईच्या हाताशी साखरेचा डबा आणि ग्लुकोज असू द्या, वरच्या खोलीत. औषधांची चिठ्ठी झेरॉक्स करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

यादीवर कुणाच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) असेल त्यांच्यासाठी: पाच लिटरचं मशीन साधारण ३०० वॉट किंवा जास्तच घेतं, म्हणजे काकांच्या हिशोबाने तीन तास. त्यांनी सिलिंडरच ठेवायला हवा. बी टाइपचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातो. आणि अशा पेशंटनी पुराची वाट बघायचीच नाही, आधीच हलायचं.

— डॉक्टर, मूळ मिरज

* * *

मंडळी,

मी सध्या सुट्टीवर आलोय, हरभट रोडला. माझ्या आईसाठी गेल्या वर्षी हेच सगळं केलं, म्हणून राहिलेलं लिहितो.

पाणी. लाईट गेली की मोटर बंद, टाकी भरत नाही, आरओ बंद. २०१९ ला नळालाही पाणी नव्हतं. दोघांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला दहा लिटर धरा. चार दिवसांचे चाळीस लिटर, पण मोठ्या कॅनमध्ये नको. आईला उचलता येतील अशा पाच-पाच लिटरच्या आठ कॅन आणल्या, वरच्या खोलीत ओळीने ठेवल्या. दर पंधरा दिवसांनी पाणी बदलायला मोलकरणीला सांगितलंय. क्लोरीनचे थेंबही ठेवले आहेत.

पैसे. लाईट आणि नेटवर्क गेलं की एटीएमही नाही, फोनवरून पैसे देणंही नाही. दहा, वीस, पन्नासच्या नोटा हव्यात. पाचशेची नोट दुधवाला सुटी करून देत नाही.

फोन. हे मी कळकळीने सांगतोय. टॉवरला बॅटरी असते, ती काही तास चालते, मग डिझेल पोचलं तर ठीक, नाहीतर रेंज जाते. तोवर घरातल्या फोनची बॅटरी आपणच संपवतो. मी परदेशातून, बहीण दुबईहून, मामा पुण्याहून, प्रत्येकाचे व्हिडिओ कॉल. आम्ही आता ठरवलंय: सकाळी ९ आणि संध्याकाळी ७, भारतातल्या वेळेनुसार, एकाच माणसाने फोन करायचा आणि बाकीच्यांना कळवायचं. मधे फक्त एसएमएस. आईला साधा बटणांचा फोन घेऊन दिला, तो चार-पाच दिवस चालतो. स्मार्टफोन बंद करून पिशवीत. शेजारच्या दोन घरांचे आणि वायरमनचे नंबर कागदावर लिहिलेत, शिवाय महावितरणचा १९१२, आपत्तीसाठी १०७७ आणि ११२. सेलवरचा छोटा रेडिओही घ्या, बातम्यांसाठी.

आता ताई, बाबांच्या "वर जाऊन बसू" बद्दल. माझे वडील असते तर मी ऐकलं नसतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागांत त्याच्या आसपासच पाणी शिरतं. २०१९ ला ते ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा पन्नासच्या पुढे. वरची खोली कोरडी राहीलही, पण खाली पुरुषभर पाणी आणि जिन्यावरून बोटीत उतरायचं, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी आणि अंधारात? एवढी तयारी केली ती लाईट गेल्यावर घरात नीट राहता यावं म्हणून, पुरात अडकून बसण्यासाठी नव्हे. आत्ताच एक आकडा ठरवा. आमच्या घरी ठरलंय: कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की पिशवी भरायची, पाणी ४० च्या जवळ आलं की दिवसाउजेडी रिक्षाने विश्रामबागला मावसभावाकडे. तेव्हा पुन्हा चर्चा नाही.

— हरभट रोडवाला

* * *

काका, डॉक्टर, दादा,

काल तासभर बाबांशी बोलले. सोडून जायचं नाही यावर ते ठाम होते. मग मी काकांची मेल वाचून दाखवली. खालच्या बोर्डातल्या करंटचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. शेवटी म्हणाले, "४० नको, ४२ धर." ४० वरच ठरलं, आईने ठरवलं. मावशीला फोन करून झाला.

वायरमन शनिवारी येतोय, वरच्या खोलीत इन्व्हर्टर आणि आरसीसीबी बसवायला. एकच बॅटरी आणि वरच्या खोलीला नवा पंखा. मडकी आई कुंभाराकडून आणणार आहे.

काका, एक राहिलं. आमचा मीटर खाली ओसरीत, कमरेएवढ्या उंचीवर आहे. तो वर घेता येतो का?

— गावभागातली

* * *

ताई,

येतो. पण तो तुमच्या वायरमनने हलवायचा नाही, त्याला सील असतं. महावितरणकडे मीटरची जागा बदलण्याचा अर्ज करावा लागतो, खर्च आपला. अर्ज बाबांच्या नावाने, वीजबिल जोडून. पावसाळा लागला की त्यांची माणसं तारा जोडण्यात गुंततात, म्हणून याच आठवड्यात टाका. २०१९ च्या पाण्याची खूण भिंतीवर अजून दिसत असेल, तिच्या वर हातभर जागा मागा. शनिवारी वायरमन येईल तेव्हा मीही गावभागात येईन, बाबांना सांगून ठेवा.

— विश्रामबागचे काका