यॉर्कची एक दिवसाची सहल: रविवार की शनिवार?

नमस्कार मंडळी,
जूनच्या सहलीसाठी यॉर्क ठरतंय. लंडनहून सकाळी निघून रात्री परत, मुक्काम नाही. बाबागाडीतल्या मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे आहेत. मिन्स्टर (तिथलं मोठं कॅथीड्रल), तटबंदी, शँबल्स (खाटकांची जुनी गल्ली), व्हायकिंग म्युझियम आणि रेल्वे म्युझियम एका दिवसात बसेल का? रविवार घेतला तर चालेल का? जाणकारांनी कृपया लिहावं.
– मेघना (सहल समिती)

मेघनाताई,
रविवार नको. त्या दिवशी सकाळी मिन्स्टरमध्ये उपासना असते, पर्यटकांना दुपारीच आत सोडतात. शिवाय रेल्वे रुळांची कामं बहुधा रविवारी काढते, मग अर्ध्या वाटेत बस नशिबी येते. शनिवार घ्या, पण त्या दिवशी यॉर्कच्या नेव्झमायर मैदानावर घोड्यांच्या शर्यती नाहीत ना, ते आधी बघा. शर्यतीच्या दिवशी संध्याकाळच्या गाड्यांत उभं राहायलाही जागा मिळत नाही.

किंग्ज क्रॉसहून वेगवान गाडीला साधारण दोन तास लागतात. ॲडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी सुटतात. ती त्याच गाडीला चालतात आणि रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून सगळ्या मंडळाचं एकच बुकिंग करू नका. प्रत्येक कुटुंबाने आपापलं काढावं, डबा मात्र एकच ठरवावा. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्डावर चार मोठे आणि पाच ते पंधरा वयाची चार मुलं जाऊ शकतात. मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत मिळते. सोबत किमान एक मूल हवंच, नाहीतर कार्ड चालत नाही. पाचच्या आतल्यांना तिकीट लागत नाही, पण त्यांच्या नावाची सीटही नसते. दोन तास मांडीवर घेणं जड वाटत असेल तर मुलाचं तिकीट काढून सीट राखा.
– सुनील

सुनीलदादांच्या मेलला जोडून. पाचही ठिकाणं करू नका. जॉर्विक व्हायकिंग सेंटर १९८४ पासूनचं आहे आणि उत्तम आहे, पण तिथे वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं आणि ते मिन्स्टरच्या वेळेवरच येतं. ते पुढच्या फेरीला ठेवा.

क्रम असा ठेवावा. दहाच्या आसपास पोचलात की थेट लेंडल पुलावरून मिन्स्टर, पंधरा मिनिटं चाल. पूर्वेची मोठी खिडकी जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ मध्ये केली. सकाळचं ऊन तिच्यामागून येतं, म्हणून तिला पहिला मान द्या. तळघरातले रोमन छावणीचे अवशेष त्याच तिकिटात बघता येतात. मनोऱ्याचं तिकीट वेगळं: २७५ पायऱ्या, जिना अरुंद, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. वारा सुटला तर मनोरा बंद ठेवतात, त्यामुळे सगळा बेत त्यावर बेतू नका.

डबे म्युझियम गार्डन्सच्या हिरवळीवर सोडा. प्रवेश फुकट, शेजारी रोमन बुरूज आणि सेंट मेरीज मठाचे अवशेष. पुऱ्या-बटाट्याची भाजी किंवा दशम्या बऱ्या, रश्श्याचं काही नको.

रेल्वे म्युझियम सगळ्यात शेवटी, कारण ते स्टेशनाला लागूनच आहे. प्रवेश मोफत, पण पाचला बंद होतं, म्हणून तीनपर्यंत आत असा. मॅलार्ड इंजिन तिथे आहे: ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम अजून मोडलेला नाही. जपानी शिंकानसेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, डबाही आहे. मुंबई-अहमदाबाद मार्गाचं तंत्रज्ञान त्याच घराण्यातलं, मुलांना आवर्जून दाखवा.
– वर्षा

तटबंदीबद्दल थोडं. पूर्ण फेरी साधारण सव्वातीन किलोमीटरची, दोन तास मोडतात. पूर्वेला लेयरथॉर्प ते रेड टॉवर भिंतच नाही. तिथे फॉस नदी अडवल्यामुळे तलाव आणि दलदल झाली होती, म्हणून भिंतीची गरजच पडली नाही. आपल्याला बूदम बार ते मंक बार (इथे बार म्हणजे तटाची वेस) एवढाच तुकडा पुरे. मिन्स्टरचं पाठीमागचं सगळ्यात सुंदर दर्शन तिथूनच होतं. बाबागाडी मात्र वर नेता येत नाही, जिने उभे आहेत. आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही, मुलांचा हात सोडू नका. आजी-आजोबांनी तेवढा वेळ मिन्स्टरमागच्या डीन्स पार्कमध्ये बसावं. तिथे सगळं सपाट आहे.

लीड्सकडून गाडीने येणाऱ्यांनी शहरात शिरूच नये. ए६४ वरून आस्कम बारच्या पार्क अँड राइडला गाडी लावावी. पार्किंग फुकट, फक्त बसचं भाडं. दिवसभर जुन्या गावातले बरेच रस्ते वाहनांना बंद असतात.
– आनंद

आनंदकाका, शँबल्स राहिली! ती मिन्स्टरपासून पाच मिनिटांवर आहे, पण दुपारी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. मिन्स्टरमधून निघून तटबंदीवर जायच्या आधीच उरकून घ्या. दुकानांबाहेरचे खाटकांचे आकडे आणि फळ्या अजून आहेत, मुलांना शोधायला लावा.
– वर्षा